नोकरी-घर सांभाळून नवीन काही शिकायला वेळ कसा काढता?

अक्कलकोट_रोड | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

मला मोडी लिपी शिकायची आहे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत कागद निघालेत: खरेदीखतं, सावकाराच्या पावत्या, चार-दोन पत्रं. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावचे. बहुतेक सगळं मोडीत. वडिलांना थोडं वाचता यायचं, ते आता नाहीत.

मी सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सकाळी नऊला बाहेर पडतो, परत यायला साडेसात-आठ. महिन्याची २० तारीख जवळ आली की जीएसटीच्या रिटर्नमुळे दहाही वाजतात. दोन मुलं, मोठा दहावीला. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे तर कधी रात्री. त्या दिवशी घरातलं कुणीच दुसरं काही करू शकत नाही.

मला विचारायचंय ते असं. रोज अर्धा तास बसावं की रविवारी सलग तीन-चार तास? तुम्ही वेळ कशातून काढलात, काय सोडलंत? आणि घरी काय सांगितलंत? मोडीबद्दलच लिहा असं नाही. पोहणं, शिवण, पेटी, कॉम्प्युटर, जे शिकलात ते सांगा. 'इच्छा असली की वेळ मिळतो' एवढंच लिहू नका, इच्छा भरपूर आहे. प्रत्यक्ष काय केलंत ते ऐकायचंय.

सकाळचा_पार्क | रविवार, रात्री १०:१२

पहाटे ४ ते ६. फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही, मे महिन्यातसुद्धा त्या वेळी हवा बरी असते. मी असाच संस्कृत शिकलो. रात्री दहाला झोपायचं, बाकी काही लागत नाही.

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:३१

दादा, 'कुणी हाक मारत नाही' हे तुमच्या घरी खरं असेल. आमच्याकडे पहाटे साडेचारला मीच उठते. पाचला चूल, म्हणजे गॅस, आणि साडेसहापर्यंत दोन डबे. पाणी आलं तर मोटार, टाकी, पिंप, सगळं माझ्याच अंगावर. घरातल्या बाईची पहाट रिकामी नसते, ती आधीच कुणाच्या तरी नावावर लिहिलेली असते. पुरुषमाणसांनी पहाटेचा सल्ला जरूर द्यावा, पण त्या वेळी घरात आणखी कोण जागं असतं तेही बघावं.

सकाळचा_पार्क | रविवार, रात्री १०:४०

ताई, पटलं. मग तुम्ही वेळ कशी काढलीत ते सविस्तर लिहा ना. ते जास्त कामाचं आहे.

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:४२

उद्या दुपारी लिहिते. आता पीठ चाळायचंय.

हुतात्मा_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ७:०५

मी दर आठवड्याला पुण्याला जातो-येतो. गाडीत प्रत्येक वेळी चार तासांच्या आसपास मिळतात आणि ते कुणीही हिरावून घेऊ शकत नाही. जर्मन शिकतोय. शब्दांची कार्डं हाताने केली आहेत, एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला मराठी. मोबाईलवर शिकत नाही, कारण मधेच नेटवर्क जातं आणि नेटवर्क आलं की इतर शंभर गोष्टी येतात.

मोडीलाही हे जमेल. अक्षरांची कार्डं करा. कारखान्यात जायला बस असेल तर ती वेळ धरा.

अक्कलकोट_रोड | सोमवार, सकाळी ८:२०

गाडीवर जातो हो, दुचाकीवर. तिथे कार्डं चालणार नाहीत! पण कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतली शेवटची पंधरा मिनिटं आहेत माझ्याकडे. हे डोक्यात आलं नव्हतं.

चिंचोळी | सोमवार, सकाळी ११:१५

वेगळं मत मांडतो, राग नसावा. तुम्हाला मोडी शिकायची आहे की कागदात काय आहे ते कळायला हवंय? या दोन गोष्टी निराळ्या. मोडी वाचून देवनागरीत लिप्यंतर करून देणारे जाणकार आहेत, पानामागे पैसे घेतात. कागद द्या, महिन्यात काम होईल. तो सगळा वेळ मुलाच्या दहावीला द्या. प्रत्येक गोष्ट आपणच शिकली पाहिजे असं नाही. मी घराचं वायरिंग शिकायला निघालो नाही, वायरमन बोलावला.

अक्कलकोट_रोड | सोमवार, दुपारी १:४८

चिंचोळी, राग कसला. योग्य प्रश्न आहे. मीही यावर विचार केला होता. खरेदीखतं कदाचित वाचून घेईनही, जमिनीचं प्रकरण आहे, त्यात चूक नको. पण पत्रं आजीच्या भावाने आजोबांना लिहिलेली आहेत. ती परक्या माणसाने मला वाचून दाखवावीत असं वाटत नाही. हळू वाचेन, अडखळत वाचेन, पण मीच वाचेन.

चिंचोळी | सोमवार, दुपारी २:०२

मग शिका. प्रश्न मिटला माझ्यापुरता.

कडकभाकरी | सोमवार, दुपारी ३:१०

कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे. पुण्याहून, हैदराबादहून ऑर्डरी यायला लागल्या आणि वहीतला हिशेब पुरेना. मला एक्सेल शिकायचं होतं. दिवसाचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की माझ्या दिवसात रिकामा तास एकच आहे, दुपारी दीड ते अडीच. सगळ्यांची जेवणं झालेली, भट्टी बंद, संध्याकाळच्या भाकरीचं पीठ अजून मळायचं नाही. पण तो तास मला झोपायला लागत असे. म्हणजे झोप सोडायची किंवा शिकणं. मी मधला मार्ग काढला. आठवड्यात तीन दिवस शिकणं, बाकी दिवस झोप. ज्या दिवशी झोपायचं त्या दिवशी मनाला काही लावून न घेता झोपायचं.

खरी अडचण तासाची नव्हती, हाकांची होती. घरात बाई बसलेली दिसली की ती मोकळी आहे असं सगळे धरून चालतात. म्हणून मी शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसायला लागले. त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर होता. घरी सांगितलं, 'दीड ते अडीच मी गावाला गेलेय असं समजा.' पहिल्या आठवड्यात हाका आल्याच. सासूबाईंना मी एकदा शेजारी नेलं आणि त्यांच्या भाचीच्या ऑर्डरीची बेरीज पडद्यावर करून दाखवली. तेव्हापासून त्याच बाकीच्यांना अडवतात, 'तिला हिशेब करू दे' म्हणून.

दुसरं म्हणजे मी 'एक्सेल' शिकायला घेतलं नाही. एकच तक्ता शिकायला घेतला: नाव, पत्ता, किती भाकरी, पैसे आले की नाही. तो बसल्यावर पुढचं. पूर्ण पुस्तक पहिल्या पानापासून शिकत बसले असते तर भाकरीच्या धंद्याला काही मिळायच्या आधीच थकले असते.

आणि पाण्याचा दिवस मी आधीच वगळला. त्या दिवशी काही ठरवायचंच नाही. त्यामुळे 'आज चुकलं' असं वाटतच नाही. अक्कलकोट_रोड दादा, तुम्हीही पाण्याचा दिवस आणि २० तारखेच्या आधीचा आठवडा आजच वेळापत्रकातून काढून टाका.

अक्कलकोट_रोड | सोमवार, रात्री ८:३५

ताई, हे वाचून बायकोला दाखवलं. तिचं म्हणणं, 'आधी मला असा तास दे, मग तुझं बघू.' तिला फार दिवसांपासून पोहायला शिकायचंय. आता दोघांचं एकदमच मांडावं लागणार.

कडकभाकरी | सोमवार, रात्री ८:५०

वहिनींना माझा नमस्कार सांगा! त्यांचं आधी.

सैफुल_२३ | सोमवार, रात्री ९:१५

मी स्पर्धा परीक्षा देतो, अभ्यासिकेत बसतो. तिथे पुष्कळ जण २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी असं करतात. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर हे सुरू केलं, म्हणून त्याला पोमोदोरो म्हणतात. दमून आलेल्या माणसाला 'तासभर बस' म्हटलं की तो बसत नाही, '२५ मिनिटं' म्हटलं की बसतो. काका, रोज एक पोमोदोरो बस झाला.

पूर्वभाग | सोमवार, रात्री ११:४०

पाळी संपवून आलो, आत्ता वाचलं सगळं.

२५ मिनिटं म्हणणाऱ्या भावाला सांगतो, ते वहीतल्या अभ्यासाला ठीक. मागावरच्या कामाला नाही. मी यंत्रमागावर वाढलो, चादरीच्या जकार्डवर, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रावर. आधी डिझाईन ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढायचो, मग त्यावरून कार्डं पंच करायची, ती शिवून माळ करायची आणि जकार्डवर चढवायची. आता बऱ्याच ठिकाणी डिझाईन कॉम्प्युटरवर होतं. ते शिकायला मी पंचेचाळिशीत बसलो, मुलाच्या शेजारी.

पहिली अडचण पाळीची. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. 'रोज सकाळी सहाला' असं आमच्यासारख्याला ठरवताच येत नाही. ठरवलं तर दुसऱ्या आठवड्यात मोडतं आणि आपलंच मन म्हणतं की तुला जमत नाही. म्हणून मी घड्याळ सोडून दिलं. कामावरून आलो, आंघोळ केली, की जेवायच्या आधी बसायचं. सकाळ असो की रात्र. आंघोळीनंतर. पाळी बदलली तरी आंघोळ बदलत नाही.

दुसरी अडचण कामाच्या जातीची. डिझाईनमध्ये एक फूल बसवायचं तर ते कापडावर किती धाग्यांत येणार, ताण्याची म्हणजे उभ्या धाग्यांची घनता किती, बाण्याची म्हणजे आडव्यांची किती, रंग कुठे पलटणार, हे सगळं एकदम डोक्यात धरावं लागतं. वीस-पंचवीस मिनिटांत ते डोक्यात येतं आणि तेवढ्यात उठायची वेळ. उद्या परत पहिल्यापासून. म्हणून कॉम्प्युटरची बटणं, हत्यारं, मी रोज थोडी थोडी शिकलो. पण पूर्ण डिझाईन सुट्टीच्या दिवशीच काढायचो, सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत, मधे न उठता.

तेव्हा मालक, 'रोज की रविवारी' हे आपल्याला नाही, कामाला विचारायचं.

होटगी_रोड | मंगळवार, सकाळी ९:३०

अण्णा, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. त्याला थोडी अभ्यासाची जोड देतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं माणूस सुरुवातीला फार वेगाने विसरतो, मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्याने निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या. पाठांतर एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर पसरलं तर एकूण कमी उजळणीत काम होतं, हेही त्याने नोंदवलं आणि नंतरच्या पुष्कळ प्रयोगांत ते टिकलं. मोडीची अक्षरं, जर्मन शब्द, कॉम्प्युटरची बटणं या सगळ्याला हे लागू पडतं. त्यासाठी 'रोज थोडं'च.

दुसरं, ते '२१ दिवसांत सवय लागते' विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला, ९६ जणांवरचा. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ आला, पण एकेकाचा आकडा १८ पासून अंदाजे २५४ पर्यंत पसरलेला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मात्र त्या सवयी सोप्या होत्या, जेवणासोबत फळ खाणं किंवा पाणी पिणं अशा. लिपी शिकणं त्याहून अवघड, म्हणून ६६ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका. त्यांनीही सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडायला सांगितली होती. अण्णांनी आंघोळीनंतरचं जे केलं तेच ते.

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १२:१०

लंडनवाल्यांना आमचा नमस्कार 🙏

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ४:००

आपल्या सोलापूरचंच उदाहरण आहे आणि कुणी घेतलं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, इथला. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत असताना ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, पुढे तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यकशास्त्र शिकवलं. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय अवघं ३२. वेळ नाही म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्या स्मारकात जाऊन यावं.

सैफुल_२३ | मंगळवार, सायंकाळी ५:२५

सर, कोटणीसांबद्दल आदर आहेच. पण दहा-अकरा तास बाहेर असणाऱ्या माणसाला एवढं मोठं उदाहरण दिलं की तो आणखी खचतो. शिवाय त्यांना भाषा चोवीस तास कानावर पडत होती. रुग्ण, परिचारिका, विद्यार्थी सगळे चिनी बोलणारे. शिकण्यासाठी वेगळी वेळ काढायची गरजच कमी होती. काकांच्या आजूबाजूला मोडी लिहिणारा एकही माणूस नाही.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सायंकाळी ६:४०

बाळा, तुझा मुद्दा योग्य आहे आणि तो माझ्या मुद्द्याला पुढेच नेतो. ज्याच्या आजूबाजूला ती गोष्ट आहे त्याला वेळ कमी लागतो. मग आजूबाजूला ती आणायची कशी, हा प्रश्न विचारायला हवा. मोडीचं एक पान रोज डोळ्यांसमोर असेल अशा जागी लावलं तरी सुरुवात होते. देवघराशेजारी लावा, आरशाशेजारी लावा.

नाशिकची_सून | मंगळवार, सायंकाळी ७:०२

सर म्हणतात ते खरंय. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. सासरी निम्मं बोलणं कन्नड. क्लास वगैरे काही नाही. मंडईत भाजीवाल्या मावशींशी फक्त कन्नडमध्ये बोलायचं ठरवलं. मावशी हसायच्या, दुरुस्त करायच्या. भाजी तर रोजच आणायची असते, वेगळी वेळ काढावीच लागली नाही. आता नणंदा माझ्यासमोर गुपितं बोलत नाहीत.

शेंगाचटणी | मंगळवार, सायंकाळी ७:१५

सोलापुरात राहून कन्नड, तेलुगू, उर्दू फुकट शिकता येतं. फक्त भाजी जरा महाग पडते, बोलता येईपर्यंत भाव करता येत नाही 😄

पेटीवाला | मंगळवार, रात्री ९:३३

एक साधी गोष्ट. पेटी कपाटात, खोक्यात ठेवू नका. बाहेर, हाताशी, वरून फक्त एक फडकं. काढा, पुसा, बैठक घाला, यातच दहा मिनिटं जातात आणि अर्ध्या वेळा तिथेच बेत रद्द होतो. मोडीचंही तसंच. वही, पेन, कित्ता एका पाटावर मांडून ठेवा आणि पाट उचलू नका.

बाळीवेस_वाले | मंगळवार, रात्री १०:५०

कुणीच सोबतीचं बोललं नाही म्हणून लिहितो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, सगळ्यांनी पाहिलेत. लोकांना ते संक्रांतीला दिसतात. त्याआधी कित्येक आठवडे रात्री सराव चालतो. दिवसभर दुकान, नोकरी, वर्कशॉप करून माणसं येतात. काठी उंच, जड, तोल पकडायला कंबर, छाती, दोन्ही हात आणि चाल सगळं एकत्र यावं लागतं. पेलणारा एक दिसतो, पण आजूबाजूला सांभाळणारे लागतात. एकट्याने सराव होतच नाही. तू आला नाहीस तर बाकीचे खोळंबतात. म्हणूनच माणूस येतो, पाऊस असो, कंटाळा असो. तिथे वेळ काढायचा विचारच कुणी करत नाही, आठ वाजले की पाय आपोआप निघतात. जुने लोक बाजूला उभे राहून फक्त पायांकडे बघत असतात.

घरी एकट्याने शिकणाऱ्याची अर्धी ताकद 'आज बसू की नको' यातच जाते. कुणीतरी वाट बघणारं असलं की तो प्रश्नच उरत नाही. मालक, मोडीला जोडीदार शोधा.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ११:०५

आणि संक्रांतीच्या आठवड्यात कुठलाही क्लास लावू नका बे. अक्षता सोहळा, होम, दारूकाम, त्यानंतर होम मैदानावर पाळणे. त्या दिवसांत सोलापूरकर फक्त गर्दीत चालायला शिकतो.

बोरू | बुधवार, सकाळी ६:३०

पंढरपूरहून लिहितोय. मी बरीच वर्षं मोडी वाचतो आणि शिकवतो. धागा उशिरा दिसला. अक्कलकोट_रोड यांना नेमकं काय करावं लागेल ते सांगतो, म्हणजे वेळेचा हिशेब त्यांनाच करता येईल.

मोडीचे दोन भाग आहेत. पहिला, अक्षरं. यात आधी पूर्ण ओळभर शिरोरेघ मारतात, मग तिला लटकवून हात न उचलता लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. बाराखडीत काही अक्षरं काना-मात्रा लागली की रूपच बदलतात. हा भाग रोज वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि नुसतं बघून होत नाही, लिहूनच होतो. हाताला वळण कळलं की डोळ्याला ओळखता येतं. सैफुलचं २५ मिनिटांचं घड्याळ इथे उत्तम. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं उजळणीला.

दुसरा भाग, कागद वाचणं. इथे पूर्वभाग अण्णा म्हणतात तसं सलग बसावं लागतं. प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. एका माणसाच्या हातातला 'स' आणि 'र' ओळखायला पहिलं पान अख्खं जातं, मग त्याच हातातली पुढची पानं भराभर सुटतात. मधे उठलात तर तो हात विसरतो. यासाठी रविवारचे दोन-तीन तास, सकाळचे, डोळे ताजे असताना.

तुमचे कागद आजोबांच्या काळचे म्हणजे इंग्रजी अमदानीतले असणार. पेशवेकाळचं बोरूचं लिखाण घोटीव, देखणं. नंतर टाक आला, हात घाईचा झाला. म्हणून पुस्तकातला सुंदर कित्ता आला तरी तुमचा कागद लगेच सुटेल असं नाही. त्याने निराश होऊ नका.

एक फायदा तुम्हाला आहे. तुम्ही हिशेबाचे आहात. सावकाराच्या पावत्यांपासून सुरुवात करा. त्यात तेच ते शब्द येतात, मुद्दल, व्याज, रोख, बाकी. रुपये-आणे-पै, १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. पाव, अर्धा, पाऊण दाखवायला एक, दोन, तीन रेघा. बेरीज जुळली की तुम्ही आकडे बरोबर वाचलेत याची खात्री तिथेच होते. पत्रं सगळ्यात शेवटी घ्या, त्यात कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधता येत नाही.

अक्कलकोट_रोड | बुधवार, सकाळी ८:१५

बोरू सर, किती आभार मानू. मी पत्रांपासूनच सुरुवात करणार होतो. पावत्या आधी, हे आता पक्कं.

बायकोशी बसून काल मांडणी केली. ती सकाळी पोहायला जाणार, आठवड्यात चार दिवस. त्या दिवशी डबे मी आणि मोठा मुलगा करणार. मी रात्री जेवणानंतर ओटा आवरून झाला की तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्षरं गिरवणार. रात्रीच्या बातम्या आणि त्यानंतरची चर्चा मी सोडतोय, त्यातून अर्धा तास निघतो. पाण्याचा दिवस आणि रिटर्नचा आठवडा मोकळा. रविवारी सकाळी आठ ते साडेदहा कागद.

मुलाने विचारलं, 'बाबा, तुम्हाला परीक्षा आहे का?' नाही म्हटल्यावर त्याला फार आश्चर्य वाटलं.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी १०:००

दहावीच्या मुलाने वडिलांना परीक्षेशिवाय अभ्यास करताना बघणं, याहून चांगली शिकवणी मी त्याला देऊ शकलो नसतो.

बोरू | बुधवार, सकाळी १०:२०

कागदांची एक सूचना राहिली. पेटीतले कागद रोज हाताळू नका. एकदा दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि वाचन फोटोवरून करा. फोटो मोठा करता येतो हा आणखी एक फायदा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घड्या उलगडताना कडकड वाजत असतील तर जोर लावू नका.

होटगी_रोड | बुधवार, दुपारी १:०५

सराव करायला मोडीचा युनिकोडमध्ये २०१४ साली समावेश झाला आहे, त्यामुळे फॉन्ट मिळतात. पण बोरू सर म्हणतात तसं हातानेच गिरवा. छापील मोडी आणि हातची मोडी यात फार अंतर आहे.

साखर_पेठ | बुधवार, रात्री ९:१०

रविवारपासून वाचतोय, आज लिहितो. बाळीवेस_वाले जोडीदार शोधा म्हणाले. मी तयार आहे. आमच्याकडे अक्कलकोट तालुक्यातल्या जमिनीचं एक खरेदीखत आहे, स्टॅम्पपेपरवर, वर इंग्रजी राजाचा शिक्का. रविवारी सकाळी आठला मला जमतं. माझं दुकान साडेदहाला उघडतं. अक्कलकोट_रोड, तुमच्या घरी की माझ्याकडे?

अक्कलकोट_रोड | बुधवार, रात्री ९:२८

माझ्याकडे या. एक रविवार माझ्याकडे, एक तुमच्याकडे असं करू. पत्ता निरोपातून पाठवतो. अट एकच, माझा हात बसेपर्यंत थोडे दिवस द्या. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार?

कडकभाकरी | बुधवार, रात्री ९:४०

दोघांना मिळून भाकरी आणि चटणी माझ्याकडून. पैसे नकोत, पण वाचताना भाकरी कागदापासून लांब ठेवा. तेल लागलं तर बोरू सर मला बोलतील.

बोरू | बुधवार, रात्री १०:०२

बोलेनच!

साखर_पेठ, खरेदीखताचा फोटो काढलात की आधी शेवट बघा. लिहून देणाऱ्याला सही येत नसेल तर तिथे निशाणी काढलेली असते, शेतकऱ्याची बहुधा नांगराची, बाईची बांगडीची. तिच्या आजूबाजूला त्या माणसाचं नाव असतं आणि ते तुम्हाला घरच्यांकडून आधीच माहीत असतं. खाली 'दस्तुर' म्हणून लिहिणाऱ्याचं नाव, मग साक्षीदार. माहीत असलेली नावं ओळखा, त्यातली अक्षरं वेगळ्या कागदावर उतरवा आणि तीच अक्षरं वरच्या मजकुरात शोधा. निम्मं पान तिथून सुटतं. दस्तुरचा फोटो इथे टाका, तेवढी ओळ आपण उद्याच वाचू.

साखर_पेठ | बुधवार, रात्री १०:१५

निशाणी आहे! नांगरच आहे. उद्या दुकान उघडायच्या आधी गच्चीवर उजेडात फोटो काढून टाकतो.